समोरच्या चढावरचे तीन खटके

प्रति,
मा. यांत्रिक खेळ तपासणी अधिकारी,
करमणूक परवाना कार्यालय.

विषय : नव्या उद्यानातील रोलर कोस्टर रविवारपूर्वी बंद ठेवून तपासण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज.
२) त्यांवरील आपला शेरा : "साडूसाडूंचा वाद घरीच मिटवावा."

महोदय,

१. मी जुन्या उद्यानातील रोलर कोस्टर एकोणीस वर्षे चालवीत आहे. एके काळी आमची रांग फाटकाबाहेर जात असे. दोन वर्षांपूर्वी भिंतीपलीकडे नवे उद्यान झाले. तेथील रोलर कोस्टर माझे साडू चालवतात. हे काम त्यांना मीच शिकवले, हे ते कोणाला सांगत नाहीत. आता त्यांच्या गाडीत माणसे किंचाळतात आणि माझ्या गाडीत डुलक्या काढतात. माझी पत्नीही तिकडेच जाऊन बसते व घरी येऊन भाऊजींचे कौतुक करते.

२. पहिल्या अर्जात मी तेथील किंकाळ्यांची, दुसऱ्यात दिव्यांची, तिसऱ्यात साडूंच्या गणवेशावरील सोनेरी बटणांची आणि चौथ्यात ते भिंतीवरून मला हात हलवून दाखवतात त्याची तक्रार केली होती. हे चारही अर्ज मी निव्वळ जळफळाटातून केले, हे येथे लेखी कबूल करतो.

३. चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून रुळांमध्ये दातेरी पट्टी असते. गाडीखालची खिट्टी एकेका दात्यावरून पुढे सरकते तसा खटका वाजतो. माझ्या चढावर एकसष्ट खटके वाजतात. साडूंच्या चढावर शहाण्णव. त्यांचा चढ किती मोठा, हे मनाला टोचत असल्याने मी रोज सकाळी त्यांच्या रिकाम्या फेरीच्या वेळी भिंतीपाशी उभा राहून खटके मोजतो. दोन वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही.

४. सोमवारपासून त्र्याण्णवच वाजतात. माथ्याजवळचे सलग तीन खटके गायब आहेत. तेथे दाते तुटले असावेत. त्या ठिकाणी गाडी वर ओढणारी साखळी तुटल्यास गाडी धरणारे काही नाही, ती घसरणीच्या जोराने खालचे दातेही मोडत आतल्या माणसांसकट मागे येईल. साडूही सकाळच्या त्याच फेरीत बसतात, पण ते मोजत नाहीत. त्यांना मोजण्याचे कारण नाही, मला होते.

५. मी साडूंना सांगितले. ते म्हणाले, "दादा, पाचवा अर्ज करा." पत्नी म्हणाली, तुमच्या पोटात दुखतंय. दोघांचेही चुकले नाही. लांडगा आला म्हणून मीच चार वेळा ओरडलो आहे.

६. रविवारी माझ्या मुलीचा वाढदिवस आहे. तिने माझी गाडी नको म्हटले. शाळेतल्या अकरा मैत्रिणींना घेऊन ती साडूंच्या गाडीत, पहिल्या डब्यात बसणार आहे. मी नको म्हणालो तर तीही आईचेच वाक्य म्हणाली. मी तिला कोंडून ठेवीन, पण इतर अकरा मुली माझ्या नाहीत.

७. तरी कृपया माथ्याजवळचे दाते स्वतः पाहावेत. ते शाबूत निघाल्यास माझा परवाना त्याच जागी रद्द करावा, हरकत घेणार नाही. तुटलेले निघाल्यास हे माझ्यामुळे कळले असे साडूंना सांगू नये. त्यांनी आभार मानलेले मला सोसणार नाहीत.

८. दुरुस्ती होऊन शहाण्णव खटके पूर्ण वाजले की माझे पहिले चार अर्ज पुन्हा विचारात घ्यावेत, ही विनंती.

आपला नम्र, आणि या खेपेस खरा,
(सही)
चालक, जुन्या उद्यानातील रोलर कोस्टर
गुरुवार, दि. १२

सोबत : खटक्यांची वही, दोन वर्षांची.