हिच्या हातातला पट्टा

४ फेब्रुवारी

पट्टा पुन्हा बंद! सकाळपासून चार्जिंगला होता. दुपारी वायर काढली, दिवा एकदा चमकला – संपलं. लेकीने, ज्ञानेश्वरीने, पाडव्याला आईच्या हातात बांधला होता. ठोके मोजतो, पावलं मोजतो. वर्षसुद्धा झालं नाही.

ही जाऊन मात्र दोन महिने झाले.

६ फेब्रुवारी

कंपनीच्या माणसाशी फोनवर बोललो. ‘बॅटरी बदलून मिळत नाही सर. जुना पट्टा जमा करा, नवा फुकट देतो.’ नवा घेऊन काय करू? त्यात हिचे ठोके आहेत का?

आमची विहिरीवरची मोटार तीस वर्षांची. तीनदा जळली, तीनदा वायंडिंग भरून आणलं. हातातल्या बॅटरीचे सेल संपले की झाकण उघडायचं, नवे घालायचे. आणि या अंगठ्याएवढ्या वस्तूला झाकणच नाही! शिकलेल्या माणसांनी केलंय म्हणे.

७ फेब्रुवारी

आज स्पष्ट लिहितो.

ही गेली त्या दिवशी शेतीची लाईट सकाळी साडेआठपासून होती. साडेदहाला गेली म्हणून मी घरी आलो. ही पडवीत बाजेवर पडलेली, तोंडावर पदर. ‘काय गं, बरं नाही का?’ म्हटलं. बोलली नाही. डोळा लागला असेल, असं वाटलं. तेवढ्यात, पावणेअकराला, पडवीतला शेतीच्या लाईनवरचा बल्ब लागला – लाईट आली! उसाला पाणी भरणं अर्धं राहिलं होतं. आता गेली तर पुन्हा कधी येईल, भरवसा नाही. तसाच मोटारीकडे पळालो. तिच्या तोंडावरचा पदरसुद्धा बाजूला केला नाही.

साडेबाराला परत आलो तेव्हा हिचा हात गार पडला होता.

सगळे म्हणतात, झोपेतच गेली, पुण्यवान. पण कधी? मी आलो तेव्हा गेलेलीच होती, की मी पाठ फिरवल्यावर गेली? ते त्या पट्ट्यात आहे. पट्टा जवळ असला की त्यातलं ज्ञानेश्वरीच्या मोबाईलवर उतरतं, म्हणून तिला तेव्हाच विचारलं होतं. ‘माझ्या मोबाईलवर त्या दिवसाचं काय आलंच न्हाई, आबा.’

११ फेब्रुवारी

पट्टा घेऊन मांडवगणहून शिक्रापूरला गेलो, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत. दोन दुकानदारांनी हातच लावला नाही. तिसरा, विनोद नावाचा पोरगा, बरा वाटला. भिंग लावून बघितलं. ‘मामा, आतला सेल फुगलाय. समदं डिंकानं चिकटवलंय. उघडताना स्क्रीन गेली, तर माझ्यावर नगा येऊ.’

म्हटलं, सेल बघून ठेव. मग सांगतो.

१२ फेब्रुवारी

ज्ञानेश्वरीचा सासरहून, राहू गावाहून फोन. ‘देऊन टाका की तो पट्टा कंपनीला. कशाला जिवाला घोर लावून घेता?’

भयंकर चिडलो. म्हटलं, तू सासरची झालीस, आई विसरलीस! तिने फोन ठेवला.

१६ फेब्रुवारी

भरणं. लाईट तीनदा गेली. घरी आलो नाही.

२० फेब्रुवारी

विनोदचा फोन. ‘सेल घावला मामा, पुण्यातनं मागवला. उद्या या. तुमच्यादेखत उघडतो. आत रेकॉर्ड शाबूत असंल तर मिनिटामिनिटाचं दिसंल.’

हो म्हटलं. ज्ञानेश्वरीलाही कळवलं. ती फक्त ‘बरं’ म्हणाली.

जेवण गेलं नाही. भीती वाटते, हे खरं.

२१ फेब्रुवारी

मी पायात चपला घालतोय तर ज्ञानेश्वरी दारात. पहिल्या एसटीने आलेली. ‘शिक्रापूरला जाऊ नगा आबा. आईला न्यायच्या आधीच माझ्या मोबाईलवर समदं आलं व्हतं.’

‘किती वाजता?’

‘सव्वाअकरा.’ तेव्हा मी मोटारीवर होतो.

अडीच महिने पोरीने हे एकटीने पोटात ठेवलं. आणि मी तिला काय बोललो!