कोठडीतला माझा माणूस

७ मार्च, सकाळी १०
फैजपूरकडच्या कौतिक आबांच्या विहिरीवरची केबल चोरीला जाऊन पंधरा दिवस झाले. केळी वाळताहेत, आबा रोज ठाण्यात येऊन बसतात. आज भंगारवाला अतिक उचलला. तांबं गेलं म्हणजे अतिक, एवढं लॉजिक मला पुरतं. मारहाण मात्र करायची नाही. या वेळी सायकॉलॉजी.

८ मार्च
अतिकच्या कोठडीत माझा माणूस बसवला. देवपूरचा चंदन, मोटारसायकल चोरीत आत आहे. साहेब, बठ्ठं काढी देसू, म्हणाला, म्हणजे त्याच्या तोंडून सगळं काढून देणार. बदल्यात जामिनाला आमचा विरोध नको आणि रोज घरचं भरीत हवं. याआधी तीन ठाण्यांत अकरा जणांनी त्याच्यापाशी गुन्हे कबूल केलेत. काही माणसांजवळ मन मोकळं होतंच.

९ मार्च, दुपारी
भरीत दोघांपुरतं पाठवलं. एका ताटात जेवलं की जिव्हाळा वाढतो. अतिकचा रोजा निघाला. दोघांचं चंदनने खाल्लं. घरी रूपाली म्हणते, वांगी तिने निवडायची, भाजायची आणि खाणार चोर. बायकोला तपासातलं कळत नाही.

१० मार्च
चंदनच्या मते अतिक झोपेत बोलतो, पण स्पष्ट नाही. भरितासोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मागितली. दिली. सोर्स सांभाळावा लागतो.

११ मार्च
अतिकची आई साबेरा दारात बसून. ईदच्या आधी तरी सोडा म्हणते, घरात कमावणारा तोच. कायदा आपलं काम करतो, असं मी नम्रपणे सांगितलं. चहासुद्धा विचारला. तिलाही रोजा.

१२ मार्च
कबुली! अतिकने चंदनला सांगितलं, चंदनने मला. विहीर, तारीख, केबलचे मीटर, सगळं तंतोतंत. जिथे अडत होतं तिथे मी फिर्याद वाचून दाखवली. प्रशस्तिपत्रासाठी फोटो काढून ठेवला. चंदनला जामीन.

१७ मार्च, दुपारी ४
अतिकच्या वकीलबाईंनी कोर्टात आमच्याच ठाण्याची नोंद मागवली. केबल गेली त्या रात्री अतिक आमच्याच कोठडीत होता, मिरवणुकीच्या बंदोबस्ताआधी खबरदारी म्हणून उचललेला. उचलणारा मी, सही माझी. इतके जण येतात, माणसाने किती चेहरे लक्षात ठेवायचे? न्यायाधीश बाईंनी चष्मा पुसून माझी सही पुन्हा वाचली. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितलाय. चंदनचा फोन बंद.

१८ मार्च
अतिकला सोडलं. मन मोठं करून त्याला दारापर्यंत पोचवायला गेलो. त्याने शांतपणे विचारलं, पुढची चोरी झाली की आपणहून यायचं, की गाडी येईल?
मी सवयीने म्हणालो, गाडी पाठवतो.