चांदणीचं घमेलं

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.
पानावरून गायीचा घास काढून शेवंतीला भरवला. हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये घरामागे गाय पाळणारा मी एकटाच. बाकीचे घास हातात घेऊन गल्लीभर गाय शोधत फिरतात. मग एक विचार आला. पितरांसाठी गायीला घास, ठीक आहे. पण गायच गेली असेल, तर तिचा घास कुणाला?
म्हणजे चांदणी, शेवंतीची आई. गेल्या वर्षी व्याली आणि आठवड्याच्या आत गेली. डॉ. संघपाल तेव्हा चरबी, लिव्हर असं बरंच काही बोलले. मी मुद्द्याचं तेवढं लक्षात ठेवलं. शेवटी तिच्यात ताकद राहिली नव्हती.
शेवंती दुसऱ्यांदा गाभण आहे, दोन महिन्यांत विणार. दूध आटवलंय. संकल्प: ताकद.

२३ सप्टेंबर
एनर्जी पावडर आणली. डब्यावर लिहिलंय, विण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करा. कंपन्या सरासरी गायींसाठी लिहितात. लेक बाळंतपणाला माहेरी आली की आपण पहिल्या दिवसापासून वरणावर तूप वाढतोच ना? आजच सुरू केली.
चारुलताचं म्हणणं, डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. बायकोला प्रत्येक गोष्टीत सेकंड ओपिनियन लागतं.

२ ऑक्टोबर, दुपार
सरकीच्या ढेपेत पावडर कालवत होतो. मागे कुणीतरी जोरात श्वास सोडला. खुराक समोर येण्याआधी चांदणी असाच सोडायची. वळून पाहिलं. तिचा रिकामा खुंटा. शेवंती तर समोर होती.
मी सिंचन खात्यात नोकरी केलेला माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. वारा असणार. बाहेर कडुलिंबाचं पान हलत नव्हतं, हे वेगळं.
तरी चांदणीचं जुनं घमेलं धुतलं, शेवंतीइतकाच खुराक त्यात घालून खुंट्याशी ठेवला. एकदाच. माया म्हणून.

३ ऑक्टोबर
घमेलं चाटूनपुसून साफ. अंगावर काटा आला. त्याहून जास्त बरं वाटलं.

११ ऑक्टोबर
रोज ठेवतो, रोज संपतं. तो श्वास आता ऐकू येत नाही. म्हणजे तिला पोचतंय. चारुलताने विचारलं तर उंदीर म्हणून सांगितलं. तिने पिंजरा आणून लावला. त्यात काहीच सापडलं नाही. म्हणजे उंदीर नाहीत, हे सिद्ध झालं.

२६ ऑक्टोबर
शेवंती नुसती चमकते. हात फिरवला तरी बरगडी लागत नाही. शेजारचे मनोहरराव विचारत होते, गाय बदलली का. जळतात.

९ नोव्हेंबर
शेवंती बसली की उठायला वेळ लावते. आज ती उठताना क्षणभर मला चांदणीच दिसली, शेवटच्या दिवसांतली. मान तशीच वळवून माझ्याकडे पाहत होती. मला भीती वाटली. खरंच खूप वाटली. ताकद कमी पडत असणार. दोन्हीकडे एकेक मूठ वाढवली.

१८ नोव्हेंबर, सकाळ
व्याली! कालवड. सगळं व्यवस्थित. चारुलताने चिकाचा खरवस केला. मी म्हटलंच होतं. म्हटलं नव्हतं, पण मनात होतं.

२१ नोव्हेंबर
शेवंती कशालाच तोंड लावत नाही. दूध निम्म्यावर. तोंडाला गोडसर वास येतो. हा वास मला माहीत आहे. चांदणीच्या वेळी माझ्या शर्टातून जात नव्हता.

२२ नोव्हेंबर
डॉ. संघपाल आले. सलाईन लावलं, एक औषध पाजलं. खुराकाचं विचारलं. छाती पुढे काढून सांगितलं, एका गायीचा, मोजून. शेवटी एक मूठ वर. त्यांना पटेना.
म्हणाले, "काका, एका खुराकात गाय इतकी जाडी होत नाही. मागच्या सालीही मी तुमाले हेच सांगतलं होतं. चांदणी जाडी झाली, म्हणून गेली."
मला असं काही आठवत नाही.
चारुलता बादली धरून उभी होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अन् चांदणीच्या घमेल्यातलं कोण खाऊन राहिलं होतं?"
शेवंतीचं दावं चांदणीच्या खुंट्यापर्यंत आरामात पुरतं. ते मी रोज पाहत होतो. डॉक्टरांनी स्वतः आखूड बांधलं आणि गेले.

२७ नोव्हेंबर
शेवंतीने आज चारा खाल्ला. वाचली. मी शेडमागे जाऊन रडलो. खुराकाचं काम आता चारुलताकडे. माझ्याकडे शेण.

२९ नोव्हेंबर
चारुलता बाजारात गेल्यावर चांदणीचं घमेलं भरून खुंट्याशी ठेवलं. शेवंती तिथे पोचत नाही. फक्त बघायचं होतं.

३० नोव्हेंबर, सकाळ
घमेलं तसंच भरलेलं. मुंग्या लागल्यात.
चारुलताने पाहिलं. मला वाटलं चिडेल. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "धुऊन टाका आता ते."
दुपारपर्यंत राहू दे म्हणालो. चांदणीला तसाही खायला वेळच लागायचा.