बोटं उमटलेल्या विटा

४ मार्च

अमेरिकेतल्या कामाचा आज पहिला दिवस. मॉरिसव्हिलपासून गाडीने चाळीस मिनिटं, दुतर्फा पाइनची झाडं. ऑल्डरिज घर लाल विटांचं, दुमजली, पुढे सहा पांढरे खांब. ओळखीतल्या नरेंद्रकाका आणि मालिनीकाकूंनी आयटीतून निवृत्त झाल्यावर ते लग्नाच्या हॉलसाठी घेतलं. मला भिंतींची डागडुजी करायची आहे. बारावीत शाळा सुटली, पण कराडला बाबांची वीटभट्टी होती, त्यामुळे विटा कळतात. काकू म्हणाल्या, एवढ्या सॉफ्टवेअरवाल्यांत एक तरी कामाचा माणूस निघाला! मग गरम पोहे दिले. फार बरं वाटलं.

दारावर पितळी पाटी आहे. त्यावर लिहिलंय, हे घर कर्नल ऑल्डरिज यांनी १८४१ साली बांधलं. आत कर्नलचं तैलचित्र आहे. मैलभर तंबाखूची शेती, दोन मुलगे राजकारणात, एक न्यायाधीश. चित्रात त्याचे हात लांबसडक, नखं स्वच्छ.

६ मार्च

उत्तरेच्या भिंतीतल्या विटांवर खळगे आहेत, ओळीने चार-चार. अशा दोनशे बारा विटा मोजल्या. माझ्या करंगळीचं टोकसुद्धा आत जात नाही, इतके लहान. काकांनी विचारलं, हे काय रे? बावीस तारखेला पहिलं लग्न आहे आणि सगळे फोटो याच भिंतीपुढे काढायचेत. मी सांगितलं, पावसाने झिजलंय, चुना आणि सुरखीने, म्हणजे विटांच्या भुकटीने, भरून टाकतो.

हे खरं नाही. ओली वीट वाळताना पलटावी लागते आणि पलटणाऱ्याची बोटं तिच्यावर उमटतात. आमच्या भट्टीवर हे काम मजुरांची पाच-सहा वर्षांची मुलं करत. इथे तेव्हा मजूर नव्हते, गुलाम होते. खरं सांगितलं असतं तर काम थांबलं असतं. माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज अजून मंजूर व्हायचाय, तोवर दुसरं काम मिळणं कठीण. माझी बायको इशिता इथेच जन्मलेली. तिच्या जिवावर किती दिवस घरी बसू?

१० मार्च

नव्वद विटा भरून झाल्या. रंग इतका जुळलाय की मलाच शोधावं लागतं. संध्याकाळी फोन अंगठ्याने उघडेना. हातमोजे घालूनही चुना लागला असेल.

१२ मार्च

दुपारी लोरेटा नावाच्या एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई काठी टेकत आल्या. त्यांच्या आजीची आजी इथे गुलाम होती. सहा वर्षांची असल्यापासून विटा पलटायची. लोरेटाबाई लहान असताना आजी त्यांना या भिंतीपाशी आणायची आणि खळग्यांत बोटं ठेवायला लावायची. म्हणाल्या, तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही, तिची एवढी भिंतच उरलीय. ती कुठे आहे, दाखवशील?

काका शेजारी उभे होते. मी म्हणालो, अशी भिंत इथे नाही, मॅम.

चुना भरायची थापी माझ्या हातातच होती. बाईंनी थापीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्या बोटांकडे. फोन नंबरची चिठ्ठी दिली. आठवलं तर कळव बाळा, म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ मार्च

सगळ्या भरल्या. काका खूश. काकूंनी माझे हात पाहून विचारलं, काय रे, पार्लरला जातोस की काय? हसलो. मग नीट पाहिलं. बोटांच्या टोकांवर रेषाच नाहीत. दाहीच्या दाही बोटं कपाच्या कानासारखी गुळगुळीत. इशिता म्हणते, चुन्याने बर्न झाली असतील, रिलॅक्स यार. पण चुना भरताना मी हातमोजे एकदाही काढले नव्हते.

१८ मार्च

ग्रीन कार्डासाठी ठसे द्यायची आज तारीख होती. काचेवर बोटं ठेवली. पडदा कोरा. लोशन लावून पुन्हा. कोरा. तिसऱ्यांदाही. तिथल्या बाई नम्रपणे म्हणाल्या, पुन्हा बोलावू. तेव्हाही उमटले नाहीत तर? त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

१९ मार्च

भिंग घेऊन भिंत पाहिली. मी भरलेल्या प्रत्येक खळग्यावर ठसा आहे. माझ्या उजव्या तर्जनीवर विळ्याचा जुना व्रण होता. तोही आहे. दोनशे बारा विटांवर. आणि माझ्या बोटावर नाही.

२० मार्च

भरलेलं कोरून काढायला लागलो. काका ओरडले, परवा लग्न आहे, वेड लागलंय का तुला? थांबलो नाही. चार खळगे मोकळे झाले. करंगळी घालून पाहिली. गेली — सगळी आत गेली. खळगे तेवढेच आहेत, मोजपट्टी लावली. म्हणजे माझा हात —

लग्नाची अंगठी गळून पडली. अंगठ्यातही राहत नाही.

२१ मार्च

भर दुपार. लख्ख ऊन. चारही बोटं बसली, बरोब्बर. वीट ओली आहे. आतून कोणीतरी धरलंय — लहान, गरम हात. ओढत नाही. नुसता धरून आहे.

सुटत नाही. डाव्या हाताने लिहितोय.

कराडला एक मुलगी होती, विटा पलटायची. रोज दिसायची. तिचं नाव मी कधी —

मनगट आत गेलंय.

इशिता, चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. लोरेटाबाईंना फोन कर. सांग, भिंत आहे. सांग, मी खोटं बोललो, मला तेव्हाही माहीत हो—