कोपऱ्यावरचा ऱ्या

१४ मार्च

दादास साष्टांग नमस्कार. वहिनींनाही. इकडे सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

तुझा एक 'अ' संगणकात बसवायला काय लागलं ते आधी सांगतो. सतरा दिवस, एक नवा चष्मा, बायकोशी दोन भांडणं आणि ताईच्या मुलीच्या मनात माझ्याबद्दल उरलासुरला आदर. "मामा, अक्षर काढताय की म्हैस पकडताय?" म्हणाली.

हो, तुझंच अक्षर. तुला न विचारता मी त्याचा फॉन्ट करायला घेतलाय. म्हणजे टाइप मी करायचं आणि उमटायचं तुझ्या ब्रशचं. पाट्या छापायचं मशीन दुकानात आणलं त्या दिवशी "ब्रशचे दिवस गेले, दादा" असं मीच म्हणालो होतो. तू ब्रश पुसलास आणि दुकानातून निघालास, त्याला अकरा वर्षं झाली. आता गिऱ्हाईकच विचारतं, "हाताचं अक्षर मिळेल का हो?" काय सांगणार, कपाळ!

तर गावभर हिंडून तुझ्या बावीस पाट्यांचे फोटो काढले. सही नसली म्हणून आपलं काय अडतंय? अक्षर बघितलं की हात ओळखतो. त्या बाबतीत मला तोड नाही, हे माझे वैरीसुद्धा मान्य करतील.

पण डोकं पार चक्रावलंय. बावीस पाट्यांत तुझे नऊ 'अ' निघाले आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. खरा कोणता? भाची म्हणते एकच निवडा. मग बाकीचे आठ काय सावत्र?

बरं, अक्षरं झाली तर वरची रेघ जुळेना. 'नाव' लिहिलं की 'ना' आणि 'व' यांच्यामध्ये केसभर फट, बोलणं टाकल्यासारखी. भाचीने खुबी सांगितली, "प्रत्येकाची रेघ शेजारच्याच्या हद्दीत थोडी घुसू द्यायची, मामा. जो तो आपली हद्द राखून बसला की फट पडते." मी उठून पाणी प्यायलो.

मग अडला ऱ्या. 'दर्या' टाइप केलं की समुद्र येतो, ते ठीक. पण 'दऱ्या' टाइप केलं तरी समुद्रच! डोंगरात सगळीकडे पाणी. कोयत्यासारखा वाकलेला तो र वेगळा काढून ठेवावा लागतो म्हणे. तुझ्या बावीसही पाट्यांत तो नाही. तेविसाव्या एका पाटीवर होता, 'कोपऱ्यावरचे सलून'. ती मी बघताक्षणी बाद केली. कडा खरवडल्यासारख्या, रेघ थरथरलेली. संगणक अक्षराच्या कडेवर ठिपके मांडतो ना, तुझ्या 'म'ला अठरा पुरले, ह्या ऱ्याला एकशे चाळीस! भाचीला म्हटलं, "कुणा नवशिक्याने दादाची नक्कल मारलीय." आणि ऱ्या मी स्वतःच काढला. गुळगुळीत. बसवूनही टाकला.

काल केस कापायला त्याच सलूनमध्ये बसलो होतो. सहज म्हटलं, "पाटी कुणाकडून करून घेतलीत? फसवलंय तुम्हाला."

न्हाव्याची कात्री थांबली. "तुमच्या दादांकडून. तीन दिवस लागले त्यांना. डाव्या हाताने उजवं मनगट धरून रंगवत होते. मी म्हटलं राहू द्या, तर म्हणाले, पाटी अर्धी सोडायची आपल्यात रीत नाही."

हात कधीपासून थरथरतोय, दादा? डॉक्टर काय म्हणतात? ताईला ठाऊक होतं? मला का नाही कळवलं, हे विचारणार होतो. खोडलं.

आता दोन ऱ्या समोर ठेवलेत. माझा सुबक आहे, तुझा तुझा आहे. भाची विचारते, "मामा, ह्यातला कुठला ठेवू?" आयुष्यात प्रथमच मला अक्षरातलं कळेनासं झालंय. तू दुकानात येऊन सांग. "पुसून टाक सगळं" म्हणालास तर तुझ्यासमोर पुसतो, पण ते तोंडाने सांगायला तरी ये. हात धरायला लागला तर माझे दोन्ही मोकळे आहेत.

आणि ते हात ओळखण्याचं. सलूनची पाटी लागून नऊ महिने झाले. दुकानात जाताना मी रोज तिच्याखालूनच जातो.

तुझ्या हद्दीत केसभर घुसलेला,
धाकटा