दोरी ओढायची मोटर

अप्पा,

तोंडावर बोललं की तुम्ही उठून जाता, म्हणून लिहून ठेवतेय.

तुम्ही बोटीला जुनीच मोटर घेणार, कारण ती तुम्हाला स्वतः खोलता येते. मान्य. तीस वर्षं कारखान्यात टर्बाइन खोललीत. क्वार्टरमागे ड्रमात पाणी भरून हीसुद्धा चालवून दाखवलीत. पण तेव्हा ती सुरू करायची दोरी वसंतकाकांनी ओढली होती! लकव्यानंतर तुमच्या उजव्या हातात चहाचा कप राहत नाही. भर तलावात मोटर बंद पडली, तर दोरी कोण ओढेल? सेल्फ-स्टार्टवाली घ्या म्हटलं, तर "मी काय अपंग आहे?" म्हणून ओरडलात.

तुम्हाला अडवणं माझ्या हातात नाही. मोटर बंद पडलीच तर म्हणून काल बोटीत वल्ही ठेवून आले. घरी आल्यावर लक्षात आलं, ती तर दोन्ही हातांनी मारावी लागतात.

अलका