घेणाऱ्याच्या हातात

लातूर,
शिवरात्रीचा दुसरा दिवस

चि. शरणप्पा,

तुला अक्काचे आशीर्वाद. पण आशीर्वादाच्या मागोमाग आज एक वाक्य लिहिते, कारण गेला महिनाभर ते माझ्या डोक्यातून हलत नाही. "फेकायचंच असंल तर घेणाऱ्याच्या हातात पडंल असं फेका." भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी, पावसात, गावात आलेल्या ट्रकासमोर उभी राहून अव्वा हे म्हणाली होती. तू सहा वर्षांचा होतास, म्हणून तुला किती आठवतं ते ठाऊक नाही. मी सोळाची होते, मला त्या ट्रकाची ताडपत्रीसुद्धा आठवते.

इकडे सगळे ठीक. अव्वाचे गुडघे तेवढे तिचं ऐकत नाहीत, पण तीही गुडघ्यांचं ऐकत नाही, त्यामुळे सामना बरोबरीत आहे. तुझी प्रकृती कशी आहे हे फोनवर विचारलं की तू "बरा हाय अक्का" म्हणतोस आणि माणूस पुढं काही विचारूच शकत नाही. म्हणून पत्र. सावकाश वाच. अडलं तर मोठ्यानं वाच, तिकडं कुणाला कळणार आहे! (सातव्या वर्षी तुला बसलिंगप्पाकाका अमेरिकेला घेऊन गेले आणि तुझं मराठी तिथंच, त्याच वयात थांबलं. पस्तिशीचा धिप्पाड माणूस फोनवर "अक्का, लई थंडी हाय" म्हणतो तेव्हा मला अजून तुझी चड्डी वर ओढावीशी वाटते.)

तू विचारलंस, "संघवाले अजून एक वर्ष खेळ म्हणायलेत. खेळू का?" त्याचं उत्तर पत्राच्या शेवटी देईन. आधी इथं तुझ्या नावानं काय काय चाललंय ते ऐक.

तुझ्या दाजींनी क्लासच्या नव्या होर्डिंगवर तुला लावलं आहे. आता लातुरात क्लासचं होर्डिंग म्हणजे काय, हे तुला सांगायला हवं. डॉक्टरकीच्या परीक्षेत चमकलेली पोरं, गळ्यात हार, ओठांवर न झोपल्यासारखं हसू, आणि प्रत्येकाच्या फोटोखाली त्याचे मार्क. दाजींचा फिजिक्सचा क्लास, आणि तू एकदा उन्हाळ्यात इथं आला होतास तेव्हा चार दिवस त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसला होतास. (पंखा फक्त तिथंच होता, म्हणून.) तेवढ्यावर तू "आमचा माजी विद्यार्थी" झालास. रांगेत पहिली पोरगी, खाली ६९०. दुसरा पोरगा, ६८५. तिसरा तू, हेल्मेट घालून. खाली काय लिहायचं? छापणारा म्हणाला, जागा मोकळी ठेवली की पालकांना संशय येतो. तेव्हा दाजींनी तुझ्या बनियनवरचा आकडा टाकला. सात.

दुसऱ्याच दिवशी मुरुडचे एक गृहस्थ पोराला हाताला धरून आले. होर्डिंगकडं बोट दाखवून म्हणाले, "सर, सात मार्कांवर अमेरिकेला नंबर लागला? आमच्याला तर एकशेचाळीस हायेत. ह्याला बी तिकडंच टाका." दाजींनी फळ्यावर मैदान काढून त्यांना अर्धा तास अमेरिकन फुटबॉल समजावला. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण हॉस्टेल धरून फी किती?" अजून दोन-तीन जण येऊन गेले. एकानं तुझी नोकरी पर्मनंट आहे का तेही विचारलं.

अव्वाचं म्हणणं निराळं. तिला होर्डिंग दाखवायला रिक्षानं नेलं तर म्हणाली, "तोंड दिसंना गेलंय. दुसऱ्याचंच पोरगं असंल."

खरं सांगायचं तर अव्वाला तुझा खेळ इतकी वर्षं फार आवडत होता, कारण तू खेळत नव्हतास. दाजी लॅपटॉपवर दाखवायचे तेव्हा तू कडेला उभा असायचास. डोक्याला टोपी, कानाला यंत्र, अंगावर स्वच्छ कपडे. मैदानात बाकीचे एकमेकांच्या अंगावर पडायचे आणि तू लांबून हातवारे करायचास. अव्वानं गावभर सांगितलं होतं, "लेक तिथं सायब हाय. कुस्त्या दुसरेच खेळत्यात, ह्यो नुसता बघतो." पहिल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला, काही झालं तरच दुसऱ्यानं उतरायचं असतं, हे मी तिला सांगितलं नाही. (मी शाळेत मराठी शिकवते. काय गाळायचं हे मला कळतं.)

आणि मग तो सोमवार. तुमची रविवारची रात्र, आमची सकाळ. दाजींचा रिपीटरांचा वर्ग सातला भरतो. ते म्हणाले, आज प्रक्षेप्य गती शिकवायचीच आहे, तर शरणप्पाच दाखवतो. वर्गातला मोठा पडदा, समोर पोरं, आणि पहिल्या बाकावर दाजींची सासू, मांडीवर खारे शेंगदाणे. नायगावची एक पोरगी तेवढी वही उघडून बसली होती. तिनं विचारलं, "सर, हे परीक्षेला येतंय का?" दाजी म्हणाले, "येऊ शकतं." मग सगळ्यांनी वह्या उघडल्या.

तुमचा तो उंच गोरा पहिला क्वार्टरबॅक पडला आणि उठेना. तू टोपी काढलीस. अव्वा म्हणाली, "अगं, सायबाला कुठं पाठवायलेत?"

शरणप्पा, त्या सकाळी मला तुझा खेळ पहिल्यांदा कळला. इतकी माणसं तुझ्या अंगावर धावून येतात आणि तू पळत नाहीस. उभा राहतोस. कुणाच्या हातात द्यायचं हे शोधत उभा राहतोस. आपल्या घरात अजून ताटली पडली तरी आम्ही उंबऱ्याबाहेर असतो. आणि हा आपल्याच घरातला मुलगा, सगळं अंगावर कोसळत असताना जागचा हलत नाही! तुला त्यांनी दोनदा आडवं केलं. दुसऱ्यांदा तू डोक्यावर आपटलास, उठायला तुला वेळ लागला. अव्वानं मांडीवरचे शेंगदाणे बाजूला ठेवले.

शेवटची ती फेक. तू हात मागं नेलास, आणि मला पडद्यावर तू दिसेनासा झालास, ट्रक दिसायला लागला. शहरातली ती भली माणसं वरून बिस्किटांचे पुडे भिरकावत होती, ते चिखलात पडत होते, आणि आपली माणसं वाकून उचलत होती. आपले अप्पा भूकंपात गेले त्याला तीन दिवस झाले नव्हते. अव्वानं काही उचललं नाही. ती ते वाक्य बोलली. वरचा माणूस ओशाळला, त्यानं तुला काखेत धरून वर घेतलं आणि म्हणाला, मग तूच दे बाळा. तुला तर गावातला प्रत्येक माणूस नावानं माहीत. "शेषेरावमामा, घ्या! साखराबाईआज्जी, पदर धरा!" ट्रक रिकामा होईपर्यंत एक पुडा खाली पडला नाही. त्या तीन दिवसांत गावानं पहिल्यांदा एकमेकांकडं बघून हसून घेतलं.

चेंडू त्या कोपऱ्यातल्या पोराच्या दोन्ही पंजांत जाऊन बसला. वर्गात जो आरडाओरडा झाला, त्यानं शेजारच्या केमिस्ट्रीच्या क्लासमधले सर धावत आले. त्यांना वाटलं, निकाल लागला. मग टीव्हीवाल्या बाईनं तुझ्यासमोर माइक धरला, आणि तू आधी इंग्रजीत काहीतरी म्हणालास, आणि मग कॅमेऱ्याकडं बघून, अमेरिकेतल्या सगळ्या माणसांदेखत म्हणालास, "अव्वा, पडला का न्हाई हातात?"

पोरं अव्वाकडं बघायला लागली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पडद्याला म्हणाली, "पडला की रे."

तुला काकांकडं पाठवलं तेव्हा भावकी तिला फार बोलली होती, पोरगं टाकलं म्हणून. तिनं कधी कुणाला उत्तर दिलं नाही. त्या सकाळी घरी येताना रिक्षात मला एवढंच म्हणाली, "टाकला न्हवता गं. हातात दिला होता."

असं सगळं आहे. दाजींना क्लासतर्फे तुझा सत्कार करायचा आहे, फेटा बांधून. तुझ्या डोक्याचं माप कळव.

तुझी,
शिवकांताअक्का

ता. क. दाजी विचारतात, होर्डिंगवरचा सात तसाच ठेवायचा की पुढं काही लावायचं? ते मुरुडचं पोरगं आलं बरं का क्लासला. मागच्या बाकावर बसतं, पंख्याखाली.

दुसरं ता. क. अव्वा सांगायली, टोपी काढत जाऊ नको. मी म्हटलं, अगं, ती काढली म्हणूनच तर जिंकला. तर म्हणाली, "एकदा जिंकला न्हवं? झालं मग."

तिसरं ता. क. हे मी पाकीट बंद करून परत फोडून लिहिते आहे. सामन्यानंतर तुझा फोन आला होता. तू मला एकच गोष्ट तीनदा विचारलीस, अव्वा जेवली का. मी तिन्ही वेळा हो म्हटलं. मग तू म्हणालास, "आणि अप्पा काय म्हणाले?"

मी म्हटलं, खूश आहेत. हे मी अव्वाला सांगितलेलं नाही, दाजींनाही नाही. तुला आठवत नसणार, म्हणून तुला सांगते.

तूच मला समजावलं होतंस, की कधी कधी आपला एकही गडी मोकळा नसतो, समोरून सगळे अंगावर येत असतात, तेव्हा शहाणा क्वार्टरबॅक चेंडू मुद्दाम रेषेबाहेर फेकून देतो. कुणाच्याच हातात न पडेल असा. त्यात कमीपणा नसतो, म्हणालास. अव्वाला हे कधीच पटलं नाही, वाया घालवला म्हणते. तुलाही मनातून पटत नाही, हे मला माहीत आहे. शिवाय तू विचारतोस तेव्हा तुझं ठरलेलं असतं, हेही माहीत आहे. तू नाहीच म्हणशील. तरी मागते.

हे एक वर्ष, शरणप्पा, रेषेबाहेर फेकून दे.